कुठलं भांडं ते सांगा

१

ती बाई शोरूममध्ये आली तेव्हा तिला कुणी बसा म्हटलं नाही. ओटा घ्यायला येणारी माणसं जोडीनं येतात, दगडावर हात फिरवतात, हा शुभ्र की तो करडा यावरून हळू आवाजात भांडतात. ही एकटीच आली. एकाही दगडाकडे न बघता सरळ माझ्या टेबलाशी आली आणि पिशवीतून घडी घातलेला कागद काढून माझ्यापुढे ठेवला.

"ही सही तुमची का?"

सही माझीच होती. तीन आठवड्यांपूर्वीच्या तक्रारीचा अहवाल. त्यात लिहिलं होतं, 'शेगडीजवळील गोल डाग गरम भांडे थेट ठेवल्यामुळे. वापरातील निष्काळजीपणा. वॉरंटी लागू नाही.'

"त्या घरी मी स्वयंपाक करत होते," ती म्हणाली. "आठ वर्षं. हा कागद दाखवून त्यांनी मला काढलं. त्याच इमारतीत आणखी तीन घरी जात होते, तीही गेली. सगळ्यांकडे नवे ओटे आहेत ना."

मला वाटलं, आता रडेल, नाहीतर भांडेल, नाहीतर कागद बदलून द्या म्हणेल. नऊ वर्षं हे काम करतोय, तिन्हींची उत्तरं माझ्याकडे तयार असतात.

"मला एकच विचारायचंय," ती म्हणाली. "तुम्ही लिहिलंय गरम भांडं. त्या स्वयंपाकघरातलं एकूण एक भांडं माझ्या हाताखालचं आहे. कुठलं भांडं, ते सांगा."

मी कागदाकडे बघत राहिलो. भांड्यांचं कपाट मी उघडूनही पाहिलं नव्हतं.

शोरूममध्ये मला सगळे डागवाले म्हणतात. ओट्यावर डाग पडला, चीर गेली, कोपरा उडाला की गिऱ्हाईक तक्रार करतं आणि शेठ मला पाठवतात. आम्ही ज्याला क्वार्ट्झचा ओटा म्हणतो तो खाणीतून अखंड निघालेला दगड नसतो. गारगोटीचा चुरा आणि रेझिन, म्हणजे प्लास्टिकसारखी राळ, कालवून कारखान्यात दाबून केलेली ती लादी असते. चुऱ्याला आगीचं काही वाटत नाही, रेझिनला वाटतं. फार तापलेलं भांडं टेकवलं तर ते करपतं, नाहीतर पांढुरकं पडतं. म्हणून शेठनी पहिल्याच दिवशी मला सांगून ठेवलं होतं, "शेगडीजवळचा डाग म्हणजे उष्णता. फार खोलात जायचं नाही." मी खोलात जात नसे. त्या घरी मी सात मिनिटं होतो आणि त्यातली पाच चहा पिण्यात गेली होती.

"दोन दिवस द्या," मी म्हणालो. "बघून सांगतो."

"बघून?" ती म्हणाली. "मग आधी काय केलंत?"

२

घर दातांच्या डॉक्टरीणबाईंचं. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात जायच्या आधी त्यांनी मला पंधरा मिनिटं दिली. 'फेरतपासणी' एवढंच मी फोनवर सांगितलं होतं.

स्वयंपाकघर लांबट. ओट्याच्या वर रुंद खिडकी, तिला पडदा नाही. डावीकडे शेगडी, उजवीकडे सिंक, आणि दोन्हींच्या मधोमध तो गोल. फिकट, ताटाएवढा. यावेळी मी पट्टी काढली. सव्वीस सेंटिमीटर. मग खाली बसून कपाट उघडलं आणि एकेक भांडं बाहेर काढून त्याचा तळ मोजला. मोठ्या कुकरचा तळ वीस. तवा बावीस. बिडाची कढई वरून रुंद, पण बुडाला जेमतेम चौदा. पातेली सगळी त्याहून लहान.

"काय करताय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"भांडं शोधतोय."

"कुकरच असणार. मावशींना घाई असायची, चार घरं होती त्यांना." त्या घड्याळाकडे बघत होत्या. "हे बघा, मला तरी कुठे आनंद झाला त्यांना काढून? पण त्या कबूलच करेनात. एवढंच म्हणाल्या असत्या की ताई, चुकून ठेवलं गेलं, तर मी विसरले असते."

"काय म्हणाल्या त्या?"

"म्हणाल्या, तिथे भाजी चिरायचा ठोकळा असतो, मी भांडं ठेवीन कशी? गोल लाकडी ठोकळा आहे आमचा, सासूबाईंच्या वेळचा. चांगला जड. पण बाबांनी, माझ्या सासऱ्यांनी, तो महिनाभर आधीच सुताराकडे दिला होता, चीर गेली म्हणून. बाबांनी स्वतः सांगितलं, मावशींच्या समोर. मग त्या गप्पच बसल्या."

"ठोकळा महिनाभर नव्हता, हे तुमच्या लक्षात आलं होतं?"

"मी आठला जाते, रात्री नऊला येते. ओट्यावर काय असतं नि काय नसतं, मला खरंच माहीत नसतं."

डाग दिसला त्याआधी मावशी चार दिवस बहिणीकडे गेल्या होत्या, असंही त्यांनी सांगितलं. सोमवारी परत आल्या आणि मंगळवारी डाग दिसला.

"त्या चार दिवसांत शेगडी कोणी वापरली?"

"कुणीच नाही. हे कामासाठी बाहेरगावी होते. जेवण बाहेरून मागवत होते मी. सकाळचा चहा सोडला तर गॅस पेटलाच नाही. म्हणून तर म्हणते, मावशींशिवाय दुसरं कोण?"

त्या गेल्या. मी पुन्हा गोलावर वाकलो. कडेवरून बोट फिरवलं. भांड्याचा चटका मधे ठळक असतो आणि कडेला विरघळत जातो, पाण्यात शाई पसरावी तसा. ह्या गोलाची कड ब्लेडनं कापल्यासारखी नेमकी होती. आणि खिडकीच्या बाजूला बोटभर लांबीत हा गोल गोलच नव्हता. तिथे तो सरळ कापलेला होता.

असल्या बुडाचं भांडं कुणी बनवत नाही. आणि खरी लाज याची वाटली की ती सरळ कड मला पहिल्या दिवशीही दिसली होती. चहाचा कप हातात होता, मी बघितली आणि लिहिलं, गरम भांडे.

३

आजोबा त्यांच्या खोलीत होते. दार उघडल्याबरोबर डांबरगोळ्यांचा इतका उग्र वास आला की डोळ्यांत पाणी आलं. खोली मात्र लख्ख होती. पुस्तकं उंचीप्रमाणे लावलेली, पलंगाची चादर ताणून जमिनीपर्यंत सोडलेली.

"या," ते म्हणाले. "सून म्हणाली, तुम्ही परत आलात. का?"

"नीट बघायचं राहिलं होतं."

"अहवाल तर दिलात."

"हो. तोच तपासतोय."

त्यांनी मला खुर्ची दिली आणि स्वतः पलंगावर अगदी कडेला बसले, पाय जोडून. शाळेत मुख्याध्यापक होते म्हणे. हात मांडीवर पालथे.

"कसर लागलीय का?" मी वासाबद्दल विचारलं.

"लोकरीचे कपडे आहेत."

"मावशींचं काय वाटतं तुम्हाला?"

"बाई चांगली आहे. हाताला चव होती." ते खिडकीबाहेर बघत होते. "बाहेरचं मी तोंडात घालत नाही, पहिल्यापासून. आता नवी बाई आहे, पण तिच्या हातचं खाववत नाही. मावशीच्या बाबतीत मी सुनेला म्हटलं होतं, जाऊ दे. कढई चटकन जड होते, माणूस टेकवतो मिळेल तिथे. त्यात गुन्हा काय?"

"आणि तो ठोकळा? सुताराकडून आला का परत?"

"नाही अजून. त्याचं बघतो मी." एवढं बोलून ते उठले आणि त्यांनी माझ्यासाठी दार उघडून धरलं.

जिन्यात दोन मजले उतरलो आणि थांबलो. माझ्या अहवालात 'भांडे' होतं. डॉक्टरीणबाई कुकर म्हणत होत्या. कढई कुणीच म्हटलं नव्हतं.

आणि आणखी एक गोष्ट होती. बाहेरचं तोंडात न घालणारा माणूस, चार दिवस स्वयंपाक न झालेली शेगडी. मग ते चार दिवस आजोबांनी खाल्लं काय?

४

सुतार शोधायला वेळ लागला नाही. त्या इमारतीतली सगळी कपाटं एकाच माणसानं केली होती आणि त्याचं दुकान मागच्याच गल्लीत होतं. तो रंधा मारत होता. ठोकळ्याबद्दल विचारलं तर हात न थांबवता म्हणाला, "कसला ठोकळा? त्यांच्याकडून वर्षभरात काही आलेलं नाही. आजोबा भेटतात रस्त्यात, बोलतात. ठोकळ्याचं कधी काढलं नाही."

"दुसऱ्या सुताराला दिला असेल?"

"मला सोडून?" त्यानं आता रंधा थांबवला. त्याला ते लागलं होतं.

तिथून मी मावशींच्या घरी गेलो. एक खोली, तिला लागून चिंचोळं स्वयंपाकघर. ओटा साध्या काळ्या दगडाचा, कोपऱ्यात एक टवका उडालेला. दुपारची वेळ. ती तांदूळ निवडत होती. मला बघून तिनं ताट बाजूला ठेवलं.

"सापडलं भांडं?"

"नाही. तुम्हाला एक विचारायचंय. तुम्ही बहिणीकडे गेलात त्याच्या आदल्या दिवशी ठोकळा कुठे होता?"

"होता तिथेच. मी त्याच्यावर कोबी चिरला."

"नक्की?"

"आठ वर्षं त्याच्यावर चिरतेय. जड आहे म्हणून उचलत नव्हते, जागेवरच घासून पुसायचे. सोमवारी आले तर नव्हता. मला वाटलं, उन्हात ठेवला असेल. त्या जागेवर वर्तमानपत्र पसरलेलं होतं, मी त्याच्यावरच ब्रेडचा डबा ठेवला. मंगळवारी ताईंनी दोन्ही उचललं आणि खाली हे."

"म्हणजे आजोबा खोटं बोलले."

तिनं ताटातला एक खडा काढून टाकला.

"हे तुम्हाला तेव्हाच कळलं होतं. तरी बोलला नाहीत. शोरूममध्ये मलाही सांगितलं नाहीत."

"तुम्ही कुणाच्या बाजूचे, मला काय माहीत, भाऊ?" ती म्हणाली. "आणि म्हाताऱ्या माणसाला सुनेसमोर खोटं पाडायचं कसं? ते माझ्याकडे बघत नव्हते. भिंतीकडे बघून बोलले, महिना झाला म्हणून. मलाच कसंतरी झालं. मी मान खाली घातली, तर ताईंना वाटलं, चोरी पकडली." तिनं पुन्हा ताट ओढलं. "त्यांचं त्यांच्यापाशी. तुमचं काय होतं? तुम्हाला तर कुणाची भीती नव्हती. म्हणून तुम्हाला विचारायला आले."

मी उठलो. तिनं चहा विचारला नाही आणि मला ते बरं वाटलं.

ठोकळा सुताराकडे गेलाच नव्हता. तो उचलला गेला त्या चार दिवसांत, जेव्हा घरात दिवसभर एकच माणूस होतं. आणि एवढी जड वस्तू पंचाहत्तरीचा माणूस फार लांब नेणार नाही.

पण एक गाठ सुटत नव्हती. भांडं ठोकळ्यावर ठेवलं असेल तर चटका लाकडाला बसेल. मग खालच्या दगडावर गोल कसला?

५

लाद्यांच्या प्रत्येक लॉटमधला तळहाताएवढा तुकडा आम्ही ठेवून घेतो. मागच्या खोलीत खणांचं कपाट आहे, तुकड्यांवर नंबराची चिठ्ठी. डॉक्टरीणबाईंच्या ओट्याचा तुकडा काढायला मला दोन मिनिटं लागली. नऊ वर्षांत हा खण मी तक्रारीसाठी कधी उघडला नव्हता.

तुकडा खिडकीशी नेला. त्यांच्या ओट्याचे फोटो मी सकाळी काढले होते, पण फोटोतल्या रंगाचा भरवसा नसतो. म्हणून तुकडा रुमालात बांधला आणि संध्याकाळ व्हायच्या आत पुन्हा त्या घरी गेलो. नव्या बाईनं दार उघडलं.

मनात असं होतं की हा तुकडा म्हणजे मूळ ओटा. तो डागाशेजारी ठेवला की डाग किती फिका पडलाय ते कळेल. मी तुकडा ओट्यावर ठेवला, गोलाच्या बाहेर, शेगडीशी. तो तिथे परका दिसला. बर्फासारखा पांढरा, आणि आजूबाजूचा ओटा जुन्या पुस्तकाच्या पानासारखा. सरकवत सरकवत गोलात नेला.

तुकडा दिसेनासा झाला. गोलाचा आणि त्याचा रंग एकच होता.

गोल हा डाग नव्हताच. सबंध ओट्यावर जेवढी जागा धड राहिली होती, ती तेवढीच. ठोकळ्यानं तिला झाकून ठेवलं होतं. बाकी सगळा ओटा खिडकीतल्या उजेडानं दोन वर्षांत पिवळा पडत गेला होता, रोज केसभर, म्हणून रोज बघणाऱ्यांना कळलं नव्हतं. असं घरातल्या उजेडानं पिवळं पडतं ते हलकं रेझिन. दोष दगडात होता. आमच्यात होता.

मी भांडं शोधत होतो आणि भांडं कधी नव्हतंच.

नवी बाई मागून म्हणाली, "निघेल का हो तो डाग?"

"तो डाग नाही," मी म्हणालो. पुढे काही बोलायची मला लाज वाटली.

६

आजोबांच्या दारावर मी टकटक केली. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि आत घेऊन दार लोटलं.

"सुताराकडे गेलो होतो," मी म्हणालो.

ते बसले. मग खाली वाकून चादरीचा सोगा वर केला. डांबरगोळ्यांचा वास भसकन अंगावर आला, आणि त्याच्यामागे जळक्या लाकडाचा. पलंगाखालून त्यांनी लोकरीच्या शालीत गुंडाळलेलं ओझं ओढलं. मी हात लावायला गेलो तर म्हणाले, "नको. माझं मला उघडू द्या."

ठोकळा सुंदर होता. मधोमध झिजून खोलगट झालेला, एका बाजूला भिंतीशी नीट बसावा म्हणून सरळ कापलेला. आणि त्या खोलगट भागात काळंकुट्ट, कोळसा झालेलं वाटोळं. चौदा सेंटिमीटर. मोजायची गरज नव्हती.

"अंडं करायला घेतलं होतं," ते म्हणाले. "शेगडीवर कढई ठेवली आणि इथे चष्मा शोधायला आलो. चष्मा मिळाला, मग वर्तमानपत्र वाचत बसलो. वास आला तेव्हा धावलो. कढई लाल झाली होती. फडक्यानं उचलली आणि समोर दिसलं त्यावर टेकवली. ठोकळ्यातून धूर यायला लागला." त्यांनी काळ्या जागेवरून बोट फिरवलं. "ही तिसरी खेप. दुसऱ्यांदा झालं तेव्हा मुलगा म्हणाला होता, बाबा, पुन्हा असं झालं तर गॅसला हात लावायचा नाही. अजून सकाळचा चहा मीच करतो हो. ही गेली तेव्हापासून घरातलं तेवढं एकच काम माझ्याकडे आहे."

"मग तुम्ही ठोकळा लपवला."

"उचलला तर खाली पांढरं. मला वाटलं, चटका आरपार गेला, दगड जळला. वर वर्तमानपत्र पसरून ठेवलं. आणि मंगळवारी सून मावशीला विचारायला लागली." ते थांबले. "तेव्हा बोलायला हवं होतं. तोंड उघडलं मी, बोलणार होतो. आणि तोंडातून आलं, ठोकळा महिनाभर नाहीये. असं कसं आलं, मला सांगता येत नाही. चाळीस वर्षं मुलांना खरं बोला म्हणून सांगत होतो."

"आजोबा, दगड जळलेला नाही."

त्यांना समजलं नाही. मी रुमालातला तुकडा काढून दाखवला आणि सावकाश सगळं सांगितलं. पांढरं ते चांगलं, पिवळं ते बिघडलेलं. कढईनं लाकूड जाळलं, दगडाला काही झालं नाही. दगड आमच्याकडूनच वाईट आला होता.

"म्हणजे मी काहीच बिघडवलं नव्हतं?"

"ओट्याचं नाही."

"ओट्याचं नाही," ते म्हणाले. मग त्यांनी ठोकळ्यावर शाल पुन्हा पांघरली, नीट कोपरे दुमडून, आणि तसेच हात ठेवून बसले. "आता तुम्ही सांगणार."

"मी माझं सांगणार आहे. ओट्याचं. त्याला ठोकळा लागत नाही मला."

७

रविवारी सकाळी दोघंही नवराबायको घरी होती. मी सांगितलं की अहवाल चुकीचा आहे. डॉक्टरीणबाई हाताची घडी घालून उभ्या राहिल्या.

"पुरावा?"

"तुमचा दातांचा आरसा आहे का घरी?"

त्यांनी ड्रॉवरमधून लांब दांड्याचा इवला आरसा काढून दिला. ओट्याची कड जिथे कपाटांच्या पुढे येते तिथे खाली बोटभर जागा असते. तिथे उजेड कधीच पोचत नाही. मी टॉर्च धरली आणि आरसा त्यांच्याच हातात दिला. त्या गुडघ्यावर बसल्या, सवयीनं मान तिरकी केली, रोज करतात तशी. बराच वेळ बघत राहिल्या.

"पांढरा आहे," त्या म्हणाल्या.

"मूळचा तोच रंग. आता वरून बघा."

त्या उठल्या आणि आपल्याच ओट्याकडे पहिल्यांदा बघावं तशा बघू लागल्या. मी तुकडा ठेवून दाखवला, आधी बाहेर, मग गोलात. त्यांच्या नवऱ्याच्या तोंडून हळूच निघालं, "अरे."

"म्हणजे त्या गोलावर काहीतरी कायम ठेवलेलं होतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांचा विचार पुढे चालला होता, मला थांबवता येत नव्हता. "वर्षानुवर्षं. परवा-परवापर्यंत. पण ठोकळा तर…"

दारात आजोबा उभे होते. ठोकळा दोन्ही हातांनी पोटाशी धरलेला, शाल नव्हती. मुलगा घ्यायला पुढे झाला तर त्यांनी मान हलवली. ओट्यापर्यंत आले, सरळ कड खिडकीकडे करून ठोकळा खाली ठेवला. गोल झाकला गेला, कुठेही रेघभर दिसेना. वरचा काळा चटका मात्र सगळ्यांना दिसला.

"मीच," ते म्हणाले. "मावशीसमोर खोटं बोललो. तुझ्यासमोर पण."

मुलाचा चेहरा आधी रागानं भरून आला, मग ओसरला. "बाबा, मला सांगायचंत," तो म्हणाला.

"तू काय म्हणाला असतास ते मला माहीत होतं."

डॉक्टरीणबाईंच्या हातात अजून आरसा होता. "त्या म्हणत होत्या," त्या म्हणाल्या. "त्या म्हणत होत्या की तिथे ठोकळा असतो. आठ वर्षं माझं घर त्यांच्या हातात, आणि मी हा कागद वाचून त्यांना…" त्यांनी फोन उचलला, नंबर काढला आणि तसाच खाली ठेवला. "काय बोलू मी?"



८

शेठना मी नवा अहवाल दिला. दगडात दोष, ओटा बदलून द्यावा. त्यांनी तो दोनदा वाचला.

"हा एक कागद बदलशील," ते म्हणाले. "ह्याच्याआधीचे?"

"तेही बघावे लागतील."

"सगळे तुझ्याच सहीचे आहेत, लक्षात आहे ना? मी कधी कुठे सही केली नाही."

ते खरं होतं. मी मागच्या खोलीत जाऊन फायलींचं कपाट उघडलं. तेच वाक्य, पानामागून पान, माझ्याच अक्षरात. किती घरांमध्ये कोण कुणावर ओरडलं असेल, कुणाच्या सुनेनं, कुणाच्या म्हाताऱ्या आईनं मान खाली घातली असेल. पहिल्या पाच फायली काढून टेबलावर ठेवल्या. उरलेल्या बघवेनात.

मग मावशींकडे गेलो.

"भांडं नव्हतंच," मी म्हणालो. ती उभी राहून ऐकत होती. दगडाचं सांगितलं, ठोकळ्याचं आजोबांनी स्वतःच सांगितलं तेही सांगितलं.

"ते बोलले?" तिनं विचारलं. "सगळ्यांसमोर?"

"हो."

तिनं पदरानं कपाळ पुसलं. "बरं झालं. खात असतील आता धड." मग माझ्याकडे वळली. "ताईंचा फोन आला होता. मी घेतला नाही. घेईन कधीतरी. पण बाकीची तीन घरं आहेत. तिथे मी जाऊन सांगितलं तर कोण ऐकेल? तुमचा कागद सगळ्यांनी वाचलाय. तुम्ही चला."

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही गेलो. ती माझ्या मागे दोन पावलं उभी राहिली. पहिल्या दारात एक प्रौढ गृहस्थ आले. मी नाव-गाव सांगून म्हणालो, "त्या ओट्याच्या अहवालात माझी चूक झाली होती."

"चूक नाही," ती मागून म्हणाली. आवाज चढवला नव्हता. "बघून चुकलं तर चूक. तुम्ही बघितलंच नव्हतं."

गृहस्थ आमच्या दोघांकडे आळीपाळीनं बघायला लागले. माझे कान तापले.

"मी बघितलं नव्हतं," मी म्हणालो. "न बघता लिहिलं. ह्यांनी काही केलेलं नाही."

दुसऱ्या दारी मला आठवण करून द्यावी लागली नाही. तिथल्या बाई घाईघाईनं म्हणाल्या, "अहो, पण आता आम्ही दुसरी ठेवलीय," आणि मावशी म्हणाली, "काम मागायला नाही आले मी. ऐकून घ्या फक्त." त्यांनी दाराला धरून ऐकून घेतलं. आत कुणीतरी टीव्हीचा आवाज कमी केला, त्यामुळे माझं वाक्य मला फारच मोठ्यानं ऐकू आलं.

तिसऱ्या दाराला कुलूप होतं. माझ्या चेहऱ्यावर सुटका दिसली असणार, कारण तिनं ती पाहिली. जिन्याच्या पायरीवर बसली, पिशवी मांडीवर घेतली.

"मुलीला शाळेतून आणायला जातात," ती म्हणाली. "अर्ध्या तासात येतील."

मी तिच्या खालच्या पायरीवर बसलो.